मधोमध रेटला तरी लेथ सरळ का सरकत नाही?

गोकुळशिरगाव_शॉप

लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचं यंत्र) एका गाळ्यातून शेजारच्या गाळ्यात न्यायचा आहे. वजन १००० किलो. पाय दोन, एक हेडस्टॉकखाली (तुकडा फिरवणारं टोक) आणि एक टेलस्टॉकखाली (समोरचं, आधार देणारं टोक). दोन्ही पायांच्या मध्यांतलं अंतर १५०० मिमी, पायाची रुंदी ४५० मिमी. खाली खरखरीत कोबा. आधी लेथ आडवा, म्हणजे बेडच्या (दोन टोकं जोडणाऱ्या लांब सांगाड्याच्या) काटकोनात, साधारण दोन मीटर सरकवायचा. तिथून पुढे क्रेन पोहोचते.

अडचण अशी की बेडच्या बरोबर मधोमध रेटा दिला तरी टेलस्टॉकचा पाय आधी सुटतो, हेडस्टॉक जागेवरच राहतो आणि लेथ गोल फिरतो. वरून, बेडच्या उंचीवर रेटलं तर सरकायच्या आधी अलीकडची कड उचलायला लागते. रेटा नेमका कुठे, किती आणि किती उंचीवर द्यायचा?

अजून एक शंका. बारावीच्या भौतिकशास्त्राप्रमाणे सुट्या दांड्याला मधोमध बल लावा किंवा टोकाला लावा, गुरुत्वमध्याचं त्वरण सारखंच येतं. टोकाला लावल्यावर दांडा फिरतोसुद्धा. मग फिरवायचं बल कुठून आलं?

टॉर्क_तालीम

तुमचा ‘मधोमध’ हा टेपचा मधोमध आहे, वजनाचा नाही. लेथचं निम्म्याहून जास्त वजन हेडस्टॉककडे असतं. गिअरबॉक्स, स्पिंडल, चक आणि बहुतेक लेथमध्ये मोटारही त्याच बाजूला.

आधी वजन मोजा. दोन्ही पायांखाली एकेक प्लॅटफॉर्म काटा ठेवा. एकच काटा असेल तर दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा द्या आणि अदलाबदल करून दोनदा मोजा. ठोकळा कमी-जास्त उंचीचा झाला की लेथ कलतो आणि आकडा चुकतो. समजा हेडस्टॉकखाली ६४० आणि टेलस्टॉकखाली ३६० किलो भरले. मग गुरुत्वमध्य हेडस्टॉकच्या पायापासून ३६० × १५०० ÷ १००० = ५४० मिमीवर आला. तुम्ही रेटताय ७५० मिमीवर, म्हणजे २१० मिमी चुकीच्या जागी.

आता घर्षण बघा. ओतीव लोखंड आणि खरखरीत कोबा यांच्यात घर्षणांक (सरकवायला लागणारा रेटा भागिले वजन) ०.४ धरू. हेडस्टॉकचा पाय सुटायला ६४० × ०.४ = २५६ किलोचा रेटा लागतो, टेलस्टॉकचा सुटायला १४४ किलोचा. मधोमध दिलेला रेटा दोन्ही पायांवर निम्मा-निम्मा जातो. तो २८८ किलोला पोहोचला की प्रत्येक पायावर १४४ पडतात. टेलस्टॉक सुटला, पण हेडस्टॉकला अजून ११२ किलो कमी आहेत. तो खिळ्यासारखा जागेवर बसतो आणि लेथ त्याच्याभोवती फिरतो. लेथचा यात काही दोष नाही.

५४० मिमीवर रेटलं तर ४०० किलोची वाटणी आपोआप २५६ आणि १४४ अशी होते आणि दोन्ही पाय एकदम सुटतात. कागदावर तरी. प्रत्यक्षात जो पाय केसभर आधी हलतो त्याचं घर्षण लगेच ०.४ वरून ०.३ च्या आसपास उतरतं आणि तो पुढे पळतो. म्हणून मागून रेटून सरळ नेणं म्हणजे काठी बोटावर उभी धरण्यासारखं आहे, सतत सावरत राहावं लागतं. समोरून ओढलं तर उलट होतं. लेथ थोडा वाकडा झाला तरी ओढीची रेषा गुरुत्वमध्याला पुन्हा आपल्यामागे आणते.

तेव्हा दोन्ही पायांना जमिनीलगत पट्टा बांधा, पुढे त्याचा त्रिकोण करा आणि टोकाला चेन ब्लॉक किंवा पुलर (हाताने भार ओढायची साधनं) लावा. त्रिकोणाचं टोक हेडस्टॉकपासून ५४० मिमीच्या समोर यायला हवं, म्हणजे हेडस्टॉककडचा पट्टा आखूड आणि टेलस्टॉककडचा लांब. टोकाला पट्टा नुसता हुकातून ओवू नका, गाठ किंवा शॅकल घालून तो पक्का करा. ओवलेला पट्टा हुकात घसरतो, दोन्ही पायांवर सारखीच ओढ देतो आणि तुमचा पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उद्यमनगर_९

पुलर नसेल तर चालवत न्या. टेलस्टॉकच्या पायाशी पहार लावली की १४४ किलोत तेवढी बाजू सरकते, हेडस्टॉकचा पाय खुंटा होतो. (पाय रुंद आहे, जागच्या जागी पिळवटताना घासतो, म्हणून थोडा जास्त जोर धरा.) दीडशे-दोनशे मिमी सरकला की दुसऱ्या टोकाला जा, तिथे २५६ किलो. एका वेळी ४०० किलो लावायची वेळच येत नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. दोन्ही पाय ०.२ मीटर न्यायचे तर १४४ × ०.२ अधिक २५६ × ०.२ म्हणजे ८०, आणि एकदम ४०० × ०.२ म्हणजेही ८०. काम तेवढंच, फक्त हप्त्याने.

पहार १५०० मिमीची आणि टेकू टोकापासून ६० मिमीवर असेल तर हातातलं बल २४ पट होतं. पंधरा किलोच्या दाबाला ३६० किलो. म्हणूनच पहारीने ओतीव पायाचा कोपरा उडतो. टोक पायाच्या कानाखाली घालू नका, मधल्या जाड भागाला लावा आणि मध्ये लाकडी फळी ठेवा.

बारावीच्या प्रश्नाबद्दल माझं मत असं की बल वाटलं जातं. थोडं सरकवण्यात जातं, थोडं फिरवण्यात. टोकाला मारलं तर गुरुत्वमध्य हळूच जाणार, कारण निम्मं बल फिरवण्यात खर्च झालं.

रंकाळा_काठ

वरचं पहारीचं सगळं बरोबर, शेवटचा परिच्छेद चूक. बल वाटलं जात नाही. ही चूक एवढी सार्वत्रिक आहे की आकडे मांडूनच दाखवतो.

लेथ बाजूला ठेवा, कारण तिथे फरशीचं घर्षण हे दुसरं बल मध्ये येतं. २ मीटर लांब, १२ किलोचा एकसारखा दांडा घ्या आणि घर्षण नाही असं धरा. काटकोनात २४ न्यूटन बल लावायचं.

मधोमध लावलं तर त्वरण २४ ÷ १२ = २ मीटर प्रति सेकंद वर्ग. फिरणं नाही.

टोकाला लावलं तर गुरुत्वमध्याचं त्वरण तरीही २. न्यूटनचा दुसरा नियम बल किती हे विचारतो, कुठे लावलं हे विचारत नाही. त्याशिवाय बलाची रेषा गुरुत्वमध्यापासून १ मीटर दूर आहे म्हणून आघूर्ण (फिरवणारा जोर, बल गुणिले अंतर) २४ न्यूटन-मीटर. दांड्याचं मध्याभोवतीचं जडत्व आघूर्ण (फिरायला होणारा विरोध) १२ × २² ÷ १२ = ४ किलो-मीटर वर्ग. म्हणून कोनीय त्वरण ६ रेडियन प्रति सेकंद वर्ग. दोन्ही गोष्टी एकाच बलातून, एकाच वेळी आणि पूर्ण.

‘मग जास्तीचं आलं कुठून’ ही शंका खरी आहे, पण ती बलाबद्दल नसून ऊर्जेबद्दल आहे. ०.१ सेकंद बल लावून बघा. मधोमध लावलं तर दांडा १० मिमी सरकतो आणि काम २४ × ०.०१ = ०.२४ ज्यूल. टोकाला लावलं तर टोकाचं त्वरण २ + ६ = ८, म्हणजे तेवढ्याच वेळात टोक ४० मिमी पळतं आणि काम ०.९६ ज्यूल. त्यातले ०.२४ सरकण्यात (वेग ०.२) आणि ०.७२ फिरण्यात (कोनीय वेग ०.६). हिशेब पैशापर्यंत जुळतो. टोकाला ढकलणाऱ्या हाताला तेवढ्याच वेळात चौपट अंतर दांड्याच्या मागे पळावं लागतं. जास्तीची ऊर्जा त्या पळण्यातून येते.

आता मजा बघा. पलीकडच्या टोकाचं त्वरण २ − ६ = −४, म्हणजे ते उलट दिशेला येतं. मधल्या कुठल्या तरी बिंदूचं त्वरण शून्य असणारच. तो मध्यापासून २ ÷ ६ = ०.३३ मीटर पलीकडे, म्हणजे ढकललेल्या टोकापासून लांबीच्या दोन-तृतीयांशावर असतो. सुरुवातीच्या क्षणी दांडा त्या बिंदूभोवती फिरतोय असं दिसतं. तिथे खिळा नाही, काही नाही.

घरी कॅरमवर बघता येईल. ३० सेंमीची पट्टी पावडर टाकून ठेवा आणि टोकाला काटकोनात फटकन टिचकी मारा. टोकापासून २० सेंमीच्या आसपासची खूण जवळपास जागेवर राहते. तीच पट्टी घर्षण असलेल्या टेबलावर बोटाने अगदी सावकाश ढकलली तर स्थिर बिंदू २१.२ सेंमीवर जातो (३० ÷ √२). पहिल्या खेपेला जडत्व ठरवतं, दुसऱ्या खेपेला घर्षण. फरक सव्वा सेंमीचाच, पण कारणं पूर्ण वेगळी. सावकाश ढकलताना टोकाला लागणारं बल अख्खी पट्टी सरळ सरकवायला लागणाऱ्या बलाच्या ४१ टक्केच असतं. लेथचे पाय दोन टोकांना आहेत म्हणून तिथले आकडे वेगळे येतात.

उद्यमनगर_९

मान्य. टोक जास्त अंतर पळतं हे लक्षात घेतलं नव्हतं.

टॉर्क_तालीम

कड उचलण्याचं राहिलं होतं.

आडवा रेटा जमिनीपासून जितका वर, तितकं पलीकडच्या खालच्या कडेभोवती उलटवणारं आघूर्ण मोठं. त्याला रोखतं वजन, त्या कडेपासूनच्या आडव्या अंतरावर. गुरुत्वमध्य रुंदीच्या मधोमध धरला तर ते अंतर २२५ मिमी. ९०० मिमी उंचीवर रेटलं तर १००० × २२५ ÷ ९०० = २५० किलोलाच कड सुटते. सरकायला ४०० लागतात. म्हणजे उलटणं आधी, सरकणं नंतर.

दोन्हींची सीमा एका भागाकारात निघते. कडेपासूनचं अंतर भागिले घर्षणांक. २२५ ÷ ०.४ = ५६२ मिमी. रेटा याच्या खाली असेल तर लेथ सरकेल, वर असेल तर कलेल. पण लेथचा गुरुत्वमध्य रुंदीत क्वचितच मधोमध असतो. पुढे एप्रन आणि सॅडलचं (हत्यार धरणाऱ्या सरकत्या भागाचं) वजन, मागे कधी मोटार. पलीकडच्या कडेपासून तो १८० मिमीवर असेल तर सीमा ४५० मिमीवर उतरते. म्हणून रेटा असो की ओढ, ती गुडघ्याच्या खालीच द्या.

या सूत्रात गुरुत्वमध्याची उंची कुठेच आली नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. कड सुटायच्या क्षणापर्यंत तिचा संबंध येत नाही हे खरं. त्यानंतर येतो. गुरुत्वमध्य ७०० मिमी उंच असेल तर साधारण १८ अंश कलला की वजन कडेच्या बाहेर पडतं आणि मग कुणाच्या बापाला थांबत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे पुढची कड कोब्याच्या भेगेत किंवा जुन्या फाउंडेशन बोल्टच्या बुडख्याला अडकणं. मग घर्षणांकाला अर्थच उरत नाही, सरकण्याचा पर्याय संपतो आणि लावाल ते बल फक्त उलटवण्याच्या कामी येतं. वाट आधी झाडून घ्या, बुडखे ग्राइंडरने उडवा.

तालमीत जाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. टांग मारताना पायाला अटकाव आणि छातीला रेटा, दोन्ही एकदम. नुसता रेटा दिला तर गडी मागे सरकतो, नुसता पाय अडवला तर उभा राहतो.

गोकुळशिरगाव_शॉप

काटा लावला. हेडस्टॉक ६५५, टेलस्टॉक ३५०. म्हणजे गुरुत्वमध्य ५२२ मिमीवर. क्रेनचा हुकही तिथेच धरायचा ना? आणि कॅरेज (एप्रन-सॅडलसकट बेडवर सरकणारा भाग) कुठे ठेवायचं? मोजताना ते हेडस्टॉकला चिकटून होतं.

शिरोली_रिगर

हुक गुरुत्वमध्याच्या बरोबर वरच. तो तिथे नसला तर वस्तू स्वतःच तिथे जाते आणि हाच धोका आहे. हुक पायांच्या मधोमध, ७५० वर धरलात तर चूक २२८ मिमीची. हुक गुरुत्वमध्याच्या १५०० मिमी वर असेल तर लेथ ८ ते ९ अंश कलतो. आधी टेलस्टॉक उचलला जातो, हेडस्टॉकचा पाय जमिनीवर घासत राहतो आणि तो सुटला की अख्खा लेथ सव्वादोनशे मिमी झोका घेतो. त्या बाजूला भिंत आणि मध्ये माणूस असेल तर विषय संपला.

कॅरेज टेलस्टॉककडे न्या. कॅरेज ८० किलोचं धरलं आणि ६०० मिमी नेलं तर एकूण गुरुत्वमध्य ८० × ६०० ÷ १००५, म्हणजे ४८ मिमी मध्याकडे येतो. ५२२ चा ५७० झाला. हुक त्या ५७० वर आणा. मग कॅरेज आणि टेलस्टॉक दोन्ही लॉक करा. लॉक नसलेलं कॅरेज लेथ कलला की उताराकडे घसरतं आणि कल आणखी वाढवतं.

पट्टे बेडखालून घ्या, पण लीड स्क्रू आणि फीड रॉडवर (बेडलगतच्या लांब दांड्यांवर) दाब येता कामा नये. लाकडी ठोकळे घालून पट्टा बाहेर काढा. पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशात असेल आणि भार दोन्हीकडे सारखा असेल तर प्रत्येक पट्ट्यावर वजनाच्या ५८ टक्के ताण, ४५ अंशात ७१ टक्के, ३० अंशात पूर्ण १०० टक्के. छत बुटकं असलं की लोक पट्टे पसरवतात आणि तिथेच तुटतात. तुमचा भार सारखा नाही, हेडस्टॉककडच्या पट्ट्यावर जास्त येणार, म्हणून दोन्ही पट्टे त्याच्या हिशेबाने घ्या.

पहिली उचल फक्त ५० मिमी. थांबा, ठोकळे घाला, लेव्हल बघा. कललाय तर खाली ठेवा आणि हुक जड बाजूकडे सरकवा. हवेत असताना हाताने दाबून लेव्हल करायला जाऊ नका.

करवीर_ऊसवाला

याच हिशेबाने ट्रॅक्टरचं तोंड का उचलतं ते कुणी सांगेल का? दोन चाकी ट्रॉली, ऊस मागे भरला की पुढे भरला यानेही फरक पडतो.

रंकाळा_काठ

तोच हिशेब, फक्त इथे फिरण्याचा टेकू मागच्या चाकांच्या रेषेवर. ट्रॅक्टर २००० किलो, चाकांमधलं अंतर २ मीटर, पुढच्या चाकांवर ८०० किलो असं धरू.

ट्रॉली १००० किलोने मागे ओढतेय आणि हुक जमिनीपासून ०.४५ मीटरवर आहे. १००० × ०.४५ ÷ २ = २२५ किलो पुढून कमी झाले, उरले ५७५. हुक किंवा साखळी वर, ०.९ मीटरवर बांधली तर ४५० कमी, उरले ३५०. आता दोन चाकी ट्रॉलीचा जू (पुढचा जोडदांडा) हुकावर ५०० किलो टेकतोय आणि हुक मागच्या आसापासून ०.६ मीटर मागे आहे असं धरा. आणखी ५०० × ०.६ ÷ २ = १५० गेले. उरले २००. त्यात चढ. दहाला एक चढ आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंच असेल तर अजून ८० जातात. १२० किलोवर स्टीअरिंग नावालाच.

ऊस पुढे भरला की हुकावरचा भार वाढतो. त्याने मागच्या चाकांना पकड मिळते पण तोंड हलकं होतं. मागे भरला की तोंड जड राहतं, पण ट्रॉलीच्या आसामागे जास्त वजन गेलं तर जू हुकाला वर उचलतो, मागची चाकं घसरतात आणि ट्रॉली शेपटी हलवते. हुक वर बांधायचा मोह टाळा, खालच्या ड्रॉबारलाच लावा आणि पुढे बंपरवर वजनं टाका. पुढच्या आसाच्याही पुढे टाकलेलं १०० किलो पुढच्या चाकांवर १०० पेक्षा थोडं जास्तच भरतं.

चाक चिखलात पक्कं रुतलं असेल तर क्लच झटक्यात सोडू नका. चाक फिरू शकत नाही, म्हणून इंजिनाचा टॉर्क चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवतो आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरसकट मागे पलटी होतो. अशा वेळी रिव्हर्समध्ये सावकाश काढा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढून ओढून घ्या.

गोकुळशिरगाव_शॉप

लेथ सरकवला. पट्ट्याचा त्रिकोण, ओढ जमिनीपासून १२० मिमीवर, पुलरवर काम झालं. शेवटच्या अर्ध्या मीटरला हेडस्टॉकचा पाय मागे राहायला लागला. खाली बघितलं तर कोब्यावर तिथे जुनं ग्रीस सांडलेलं होतं, टेलस्टॉकच्या बाजूला.

टॉर्क_तालीम

मग तिथे टेलस्टॉकचा घर्षणांक ०.१ पर्यंतही उतरला असेल. १४० किलोच्या जागी ३५, त्यामुळे सरळ ओढीची जागा गुरुत्वमध्यावर राहिली नाही, हेडस्टॉककडे सरकली. त्रिकोणाचं टोक तिकडे दोनशे मिमी तरी न्यायला हवं होतं. किंवा ग्रीसवर लाकडाचा भुसा टाकायचा.